मरणाच्या बातम्यांना रेडिओ अंगणात

घाटाखालच्या त्या रेडिओ स्टेशनचा इतिहास कुणी लिहिला असला तर माझ्या वाचनात आलेला नाही. लिहिला असेल तर ते कुणी काढलं, यंत्रं कुठून आणली, कोणते साहेब आले आणि गेले, हे सगळं त्यात असेल. मला त्यातलं काही ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की ते पैसे घेऊन जाहिराती लावणारं स्टेशन होतं, गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तोवर चाललं, आणि घाटावर गोव्याच्या हद्दीलगतच्या जोयड्याच्या रानात, कुंभारवाड्यापासून दीड कोसावरच्या सात घरांच्या आमच्या वाडीत ते रोज दुपारी ऐकलं जायचं. त्या स्टेशनचे माझ्यावर उपकार आहेत. ते फेडायचे म्हटलं तर आता स्टेशनच नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

मी खानापूरकडची. लग्न होऊन या रानात आले तेव्हा अठरा वर्षांची होते आणि तोंडानं चांगली तिखट होते. नवरा लाकडाच्या डेपोवर कारकून. त्यांना मी तेव्हाही 'हे' म्हणायची, इथेही तसंच लिहिते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही दोघं आणि माझी सासू, बस्स. सासूला आमच्याकडे आत्ती म्हणतात.

आत्ती घाटाखालची. सकाळची न्याहारी करून निघालं आणि दिगीच्या बाजूनं रानातनं उतरलं की दिवेलागणीला तिच्या माहेरच्या अंगणात पाय. माहेरी म्हातारी आई आणि एक धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा. माझ्या लग्नाला मामा खांद्यावरच्या कावडीतून नारळ घेऊन घाट चढून आले होते. कावड उतरवल्या उतरवल्या मला म्हणाले, "सुनबाई, आमची बाय लई साधी गे. तू तिका सांभाळ." मी मनात म्हटलं, हे बरं आहे, सासूला सांभाळायला सून आणली. तोंडानं मात्र काही बोलले नाही. नवी होते ना.

त्याच्या पुढच्या वर्षी गोव्यासाठी सत्याग्रह झाले, गोळ्या चालल्या आणि हद्दीवरचा नाका बंद झाला. घाटाखाली परराज्य आहे हे आत्तीला तेव्हा पहिल्यांदा कळलं असं मला वाटतं. तोवर तिच्या लेखी खाली माहेर होतं आणि वर सासर, मधे फक्त चढ होता. आता त्या चढावर बंदूकवाले शिपाई उभे राहिले. पत्राचा भरवसा नव्हता. वर्षभरात एकदा मामांचं एक पत्र कुठून कुठून फिरून आलं, तेही कुणीतरी फोडून परत चिकटवलेलं. त्यात आई बरी आहे, तुझी आठवण काढते, एवढंच होतं. ते पत्र आत्तीनं तांदळाच्या मडक्यात ठेवलं. मडक्यात हात घालताना ते हाताला लागायचं.

रेडिओ ह्यांनी आणला. डेपोतला एक ठेकेदार नवा घेत होता, त्याचा जुना ह्यांना मिळाला. पेटीएवढा रेडिओ, त्याला दोन विटांएवढी कोरडी बॅटरी, आणि अंगणातल्या फणसावरून घरावर ताणलेली तांब्याची तार. ह्यांनी रेडिओ आणि बॅटरी एका लाकडी खोक्यात बसवून खोक्याला दोन्ही बाजूंनी दोरीच्या कड्या लावल्या. मला वाटलं आता पुणं-मुंबई ऐकायला मिळणार. सूच फिरवली तर खरखरीतून जो पहिला स्वच्छ आवाज आला तो घाटाखालचा होता. एक बाई कोकणीत बोलत होती. चुलीपुढं बसलेली आत्ती उठून माजघरात आली, डोईवरचा पदर नीट केला, आणि कुणी घरी आल्यासारखी त्या खोक्यासमोर उभी राहिली.

"आमच्या हिकडचीच हाय गे ही," ती म्हणाली. "बोलनं बग तिचं."

तेव्हापासून ती 'आमची बाई' झाली. तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. ती कोकणीत बोलायची, मराठीत बोलायची, मधेच कुणी पुरुष पोर्तुगीजमध्ये बातम्या द्यायचा. त्या कळत नसल्या तरी आत्ती बंद करू द्यायची नाही. म्हणायची, बाईला परत यायचं असतंय, दार लावू नको. आणि जाहिराती! अंगाचा साबण, सायकल, पावाची बेकरी, डब्यातले मासे, घड्याळं. नाका बंद, आम्हाला त्यातली एक काडीसुद्धा मिळणार नाही, पण पणजीतल्या कुठल्या दुकानात कुठला साबण आला आहे हे आमच्या वाडीत सगळ्यांना पाठ होतं. मी ह्यांना चिडवायची, "आज तिकडं गालिचे स्वस्त झालेत, दोन घेऊन या." हे पण म्हणायचे, "दोनच? गोठ्यात काय घालशील?"

दुपारी बाराच्या पुढे पैसे भरून दिलेल्या खासगी बातम्या लागत. हेच त्या स्टेशनचं खरं वेड लावणारं काम. आधी हळू सारंगीसारखं काहीतरी वाजायचं आणि मरणाच्या बातम्या यायच्या. गेलेल्याचं नाव, त्याचं गाव, कधी गेला, दिवस कधी, आणि शेवटी कळवणाऱ्याचं नाव. अर्धी नावं किरिस्तावांची, अर्धी हिंदूंची. त्या संपल्या की एक घंटा वाजायची. मग जन्माच्या, लग्नाच्या, जत्रेच्या बातम्या, आणि मग फर्माईशीची गाणी. मला सगळी ओढ त्या गाण्यांची. वाडीतल्या बऱ्याच घरांचं कुणी ना कुणी खाली होतं, त्यामुळे त्या वेळेला आमचं माजघर भरून जायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मरणाचा सांगावा घेऊन आलेला माणूस उंबरा ओलांडत नाही. ओसरीची पायरीसुद्धा चढत नाही. अंगणात तुळशीच्या अलीकडे उभा राहतो, डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरतो आणि तिथूनच सांगतो. त्याला पाणी देत नाहीत, तो पुढच्या घरी निघून जातो. आणि जन्माची, लग्न ठरल्याची बातमी आणली असेल तर त्याला ओसरीवर बसवायचं, हातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि तांब्याभर पाणी द्यायचं. माणूस कुठं उभा आहे त्यावरून घरातल्या बायकांना बातमी आधीच कळते.

रेडिओ आल्यावर महिनाभरातच वाडीच्या गावकरांच्या चुलतभावाची बातमी लागली. गावकर म्हणजे आमच्या वाडीचे वडीलधारे, सगळ्यांचे तंटे तेच मिटवायचे. ते आमच्या माजघरात मांडी घालून बसले होते. बातमी ऐकली, उठून बाहेर अंगणात गेले आणि तिथून ओरडले, "मड्याचा सांगावा माजघरातनं? ह्या पेटीला कोन काय शिकीवनार न्हाई का?"

आत्ती ओशाळली. तिनं त्याच दिवशी माजघर शेणानं सारवलं. मी मात्र ओसरीवर येऊन म्हटलं, "गावकरकाका, तिला पाय न्हाईत. ती अंगणात कशी उभी ऱ्हाणार?"

"तुला हायत की," गावकर म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून माझ्या मागं ते काम लागलं. सारंगी सुरू होण्याआधी मी खोकं कड्यांना धरून अंगणात न्यायचं, तुळशीच्या अलीकडे पाटावर ठेवायचं, फणसावरून सोडलेली तार त्याला लावायची. मरणाच्या बातम्या अंगणात ऐकायच्या. घंटा वाजली की तार काढायची, खोकं परत माजघरात, आतली तार लावायची, आणि मग चांगल्या बातम्या ऐकायच्या. आत्ती त्या वेळी खोक्यासमोर गुळाचा खडा ठेवायची. मी एकदा विचारलं, हा खडा बाईनं खायचा की बॅटरीनं? ती म्हणाली, "तू खा की. आनतीस तूच."

हसू नका. मी तेव्हा पुष्कळ हसले आहे. पण रोज दुपारी सात घरांतली माणसं आपापल्या रीतीनं खालच्या मुलखातलं सुखदुःख ऐकत होती, रडत होती, गूळ खात होती. दोन सरकारांनी मधे शिपाई उभे केले होते, आणि धंद्यासाठी काढलेलं एक स्टेशन त्यांच्या डोक्यावरून आमचे निरोप आणून देत होतं.

असं दोनेक वर्षं चाललं. आत्तीच्या माहेरची बातमी कधी लागली नाही, आणि ती नाही लागली की आत्ती रोज तुळशीला हात जोडायची. न आलेली बातमी हीच तिची बातमी होती.

तो दिवस मळणीच्या दिवसांतला. सगळी वाडी खळ्यावर, त्यामुळे अंगणात आम्ही दोघीच. सकाळपासून मी फुगले होते. खानापूरला माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं आणि आत्तीनं म्हटलं होतं, मळणी आटपली की जा. म्हणजे लग्न होऊन गेल्यावर. मी भांडी आदळत होते. चुलीवर भात रटरटत होता. आणि त्या दिवशी मरणाच्या बातम्या संपता संपेनात. बाई एकेक नाव वाचतेय, वाचतेय. शेवटी सारंगी थांबली. घंटा वाजली नव्हती. मला ते समजत होतं. पण भात करपेल, गाणं चुकेल, आणि घंटेसाठी कुठं थांबायचं, ती मी आत जाईतो वाजेलच, असं म्हणून मी वाकले आणि तार हिसकली.

हिसकता हिसकता बाईचा आवाज आला. आत्तीच्या माहेरचं गाव. मग मामांचं नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि पुढं काही नाही. तार मुळातून तुटून माझ्या हातात आली होती.

आत्ती पायरीवर उभी होती. तिनं ऐकलं होतं. मी ती तार नखांनी खरवडली, विळ्यानं सोलली, खोक्याच्या भोकात कोंबली, बोटांनी धरून ठेवली. आवाज आला तेव्हा साबणाची जाहिरात चालली होती. मरणाच्या बातम्यांत पहिलं नाव गेलेल्याचं असतं, हे वाडीतल्या लहान पोरालाही माहीत होतं.

आत्ती आत गेली. तिनं भात उतरवला. खालून लागला होता, वरचा वरचा मला वाढला. स्वतःही चार घास खाल्ले. मी ताटावर बसून रडत होते आणि ती म्हणाली, "जेव. मळनीला जायचं हाय."

संध्याकाळी ह्यांना कळलं. हे कधी माझ्यावर आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "घंटा वाजूपातुर धीर धरवला न्हाई तुला?" आत्ती मधे पडली. "तिला काय बोलू नगंस. सांगावा अर्धाच आला त्याला ती काय करनार? चुलीवर भात हुता."

मग सुतकाचा प्रश्न आला. भाऊ गेला असला आणि सुतक पाळलं नाही तर तो दोष. भाऊ जिवंत असला आणि त्याच्या नावानं अंघोळ केली तर ते त्याहून वाईट. गावकरांनी तोड काढली, भाऊ जिवंत आहे का, असा देवाला कौल लावू. आमच्याकडे देवाच्या अंगावर फुलं चिकटवतात, उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. आत्ती हात जोडून म्हणाली, "नगो काका. डावं पडलं तर मी काय करू? आनि उजवं पडलं तर तुमी तरी इस्वास ठेवशीला व्हय? माज्या हातानं मी त्याला मारनार न्हाई. कळल तवा कळल."

आणि ह्यांना तिनं सांगितलं, "दोपारी रेडिओ नगो आता. सांजच्याला लावा, गानी ऐका, पोरीला आवडत्यात." दुपारची बातम्यांची वेळ तिनं घरातून काढून टाकली. पुढच्या बातम्यांत दहाव्याची, बाराव्याची काही वर्दी आली असती, निदान नक्की काय ते कळलं असतं. पण तिला ते नको होतं. वाडीतले लोक काही दिवस आले, मग यायचे थांबले. तुळशीच्या अलीकडचा पाट मीच उचलून ठेवला.

आठच दिवसांत आत्तीनं मला खानापूरला लग्नाला पाठवलं. मळणी अर्धी बाकी होती. मी नको म्हटलं, तर माझी पिशवी तिनंच भरली, वर घरची आमसुलं घातली, आणि म्हणाली, "जाऊन ये. तुज्या मानसांचं कार्य हाय." त्या लग्नात मी काय खाल्लं, कुणाशी बोलले, मला आठवत नाही.

मी वाट पाहत होते, ती कधी बोलते. तिच्या जागी मी असते तर सुनेला उभी जाळली असती. निदान घरात येता-जाता टोमणे तरी मारले असते. मी तशीच आहे, लपवण्यात अर्थ नाही. ती नाही बोलली. त्या दिवशी नाही, महिन्यानं नाही, भाऊबिजेला नाही. भाऊबिजेला तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, रिकाम्या पाटाला ओवाळलं, आणि निरांजन तुळशीत नेऊन ठेवलं. मी गोठ्यात जाऊन रडले.

शेवटी माझ्याच्यानं राहवेना. चोरवाटेनं सुपारीची ओझी वाहणारा एक माणूस आमच्या वाडीवरून जायचा. त्याला मी हातापाया पडून सांगितलं, खालच्या त्या गावात जा, ते घर बघून ये. तो पंधरा दिवसांनी आला. ओसरीवर चढला नाही, पण मुंडासंही काढलं नाही, मधेच उभा राहिला. म्हणाला, "घराला कुलूप हाय. अंगनात गवत वाडलंय. शेजारपाजारी कोन बोलंना, शिपाई फिरत हुते."

हे मी तीन दिवस पोटात ठेवलं. चौथ्या दिवशी आत्तीला सांगितलं. मला वाटलं आता ती मोडणार. ती थोडा वेळ निवडायच्या तांदळात बोटं फिरवत बसली आणि म्हणाली, "म्हंजे आईला घिऊन खानीवर ऱ्हायला गेला असंल. खाली मँगनीजच्या खानी सुरू झाल्यात, बाईनंच सांगितलं हुतं न्हवं रेडिओवर? म्हातारीला एकटी कशी ठेवंल?"

मला त्या कुलपात मरण दिसलं होतं. तिनं त्यातून दोन माणसं जिवंत बाहेर काढली.

त्याच दिवशी तिनं वाकळ शिवायला घेतली. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी. "खानीवर पत्र्याच्या खोल्या असत्यात. आईला थंडी लई. नाका उगडला की घिऊन जाईन." तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे, सासऱ्यांचं एक धोतर. मी माझं धुऊन धुऊन मऊ झालेलं हिरवं लुगडं दिलं. तिनं ते गालाला लावून पाहिलं आणि म्हणाली, "हे तोंडाकडं लावूया. मऊ हाय." दुपारी, पूर्वी ज्या वेळेला आम्ही रेडिओ ऐकायचो त्याच वेळेला, ती ओसरीवर बसून टाके घालायची आणि 'आवय' अशी हाक मारून आईशी कोकणीत बोलायची. चेष्टेनं नाही, अगदी सहज. पाय आखडले काय गे, आज काय जेवलीस, दात दुखतो तो काढून टाक. मी आत स्वयंपाक करत ऐकायची. पहिल्यांदा भीती वाटली, मग सवय झाली, मग एक दिवस मीही आतून ओरडले, "आज्जीला म्हणावं, हिरवं लुगडं माझं हाय!" आत्ती हसली. तार तुटल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली होती.

वाकळ पुरी व्हायला अख्खं वर्ष गेलं. एकीकडून शिवत जायची आणि दुसरीकडून उसवायची असं मला वाटतं, पण ते मी कधी विचारलं नाही.

मग तो डिसेंबर आला. डेपोवरून लष्कराच्या गाड्या गेल्याच्या बातम्या हे रोज आणत होते. एका सकाळी ह्यांनी सूच फिरवली तर घाटाखालच्या स्टेशनच्या जागी नुसती खरखर. काटा इकडे नेला, तिकडे नेला. बाई नाही. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या स्टेशनांवरून कळलं की गोवा मोकळा झाला. वाडीत माणसं नाचली. गावकरांनी सगळ्यांना गूळ वाटला. आत्तीनंही नाचणाऱ्यांकडे पाहून हात जोडले, आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "पर आमची बाई कुटं गेली गे?"

पुढं त्या जागी आपल्या सरकारचं स्टेशन आलं. चांगलं होतं, स्वच्छ ऐकू यायचं, शेतीची माहिती द्यायचं. पण साबण गेला, सायकली गेल्या, सारंगी आणि घंटा गेली. पैसे भरून आपल्या माणसाचं नाव सांगायची सोय गेली. त्या बाईचं काय झालं, तिला नव्या ठिकाणी घेतलं की घरी बसवलं, कुणी सांगितलं नाही. आमच्यापुरता त्या स्टेशनचा इतिहास तिथं संपला असता, पण त्यातली एक बातमी अजून पोचायची होती.

नाका उघडल्याला आठवडा झाला असेल. हे म्हणत होते, शिपायांची गडबड जरा कमी होऊ दे, मग मीच आत्तीला खाली घेऊन जातो. वाकळ घडी घालून, पंच्यात बांधून तयार होती. दिवेलागणीच्या आधीची वेळ. मी चुलीवर भाकरी टाकली होती आणि धुरानं डोळे चोळत पुढचा दरवाजा उघडत होते. अंगणात कुणीतरी उभं होतं. केस पांढरे झाले होते, गालफडं बसली होती, पण खांद्याला तोच कावडीचा बाक. मी किंचाळलेच, "आत्ती! मामा आले! मामा हायत, आत्ती!"

भाकरी तशीच टाकून मी पायऱ्या उतरून धावले. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. मामा जिवंत आहेत, माझ्या हातून काही झालं नाही, एवढंच. मागून आत्ती धावत आली. शेवटच्या पायरीपर्यंत आली, भावाकडे पाहून तिचा चेहरा असा काही उजळला की मी तो विसरणार नाही. आणि मग ती जागच्या जागी थांबली.

मामा तुळशीच्या अलीकडे उभे होते. डोक्याचं मुंडासं काढून त्यांनी काखेत धरलं होतं.

"कोन?" आत्तीनं विचारलं. माहेरी भावाशिवाय एक आईच होती, तरी विचारलं.

"आवय," मामा म्हणाले. "आवय गेली, बाय."

"कदी?"

"दोन वर्सां झाली. मळनीचे दीस हुते." मामा तिच्याकडे पाहत राहिले. "तुका कळूक न्हाई? पत्र धाडलं, पर ते पोचंल याचा भरवसा न्हवता. म्हनून चालत पणजीक गेलो. रेडिओवाल्यांच्या हापिसात बसलेल्या मानसाला म्हटलं, माजी बहीन घाटावर ऱ्हाते, ती तुमचं ऐकते. त्यो म्हनाला, आमी आधी मेलेल्याचं नाव सांगतो. म्हटलं, नगो, आधी माजं नाव सांग, माजं नाव ऐकलं की ती कान दील. त्या मानसानं माज्यासाठी येगळा कागद लिवला. भाव आपल्या घाटावरच्या बहिनीक कळयता, आवय गेली, असं. आनि बाईनं तसंच वाचलं. मी थंयच बाकावर बसून ऐकलं." त्यांनी काखेतलं मुंडासं सावरलं. "आवयशिवाय घर खायला उटलं, मग मी खानीवर गेलो."

मी तिथंच तुळशीपाशी खाली बसले. दोन वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. "मामा, मी तार तोडली. घंटा वाजली न्हवती. मला गानी ऐकायची हुती. तुमचं नाव तेवढं ऐकलं, पुढचं मी ऐकू दिलं न्हाई. आत्तीला तिच्या आईचं सुतकसुदीक पाळता आलं न्हाई माज्यामुळं."

आत्ती पायरीवरून खाली आली. तिनं आधी भावाचा हात धरला आणि त्याला ओढून पायरीवर घेतलं. ते नको नको म्हणत होते, रीत नाही म्हणत होते. "ऱ्हाऊ दे रीत," ती म्हणाली. "तू जिता हाईस, ही पन बातमीच हाय." आत जाऊन तिनं पंचा सोडला, ती नवीकोरी वाकळ ओसरीवर अंथरली, हिरवा तुकडा वर येईल अशी, आणि भावाला तिच्यावर बसवलं. तोवर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात काम करत होते. गुळाचा डबा आणि तांब्या घेऊन ती बाहेर आली. मी अजून तुळशीपाशीच होते. ती माझ्याजवळ येऊन बसली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भावाला म्हणाली, "हिच्यावर राग धरू नगंस रे. हिनं तार तोडली म्हनून माजी आई दोन वर्सं जास्त जगली."

आणि डब्यातला पहिला खडा तिनं माझ्या हातावर ठेवला.